रोज चाला म्हणता, पण चालायचं कुठे?

‘डॉक्टर, चालायला सांगता ते ठीक आहे, पण चालू कुठं?’ असं विचारणारे रुग्ण मला मनापासून आवडतात. बाकीचे मान डोलावतात, चिठ्ठी घेतात आणि तीन महिन्यांनी तीच साखर, तोच रक्तदाब घेऊन परत येतात. विचारणाऱ्याने निदान चालून पाहिलेलं असतं.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पहाटे साडेपाचला बाहेर पडलात तर चालणारी माणसं कुठे भेटतात? मोठ्या रस्त्याच्या कडेला. मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर, कुठेही जा. स्वेटर, कानटोपी, हातात काठी, आणि दोन हातांवरून जाणारा डंपर. मागचा लाल दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात उभी असते ती वेगळीच. बुलढाणा शहरातले लोक राजूर घाटाच्या बाजूला जातात, तिथली हवा खरोखर छान आहे, पण रस्ता घाटाचा आणि वाहता आहे. हृदयाचं आरोग्य सांभाळायला निघालेल्या माणसाने जीव मुठीत धरून चालावं, यात काहीतरी चुकतंय.

म्हणून आज औषधांबद्दल न लिहिता एका रस्त्याबद्दल लिहितो. माझं मत असं आहे की प्रत्येक नदीकाठच्या गावाला पायी चालण्याचा एक पट्टा हवा. नदीच्या कडेने जाणारा, गाड्यांना बंदी असलेला, सावलीचा, आणि शेवटी एका चांगल्या बागेत पोचणारा. बाग असावी ती झाडांची ओळख करून देणारी. हे सुशोभीकरण नव्हे. मी याला उपचाराचा भाग मानतो.

तुम्ही म्हणाल, गावात आहे की नगरपरिषदेची बाग, तिथे फिरायला ट्रॅकही आहे. आहे. पण त्या ट्रॅकवर दोनशे मीटरची एक फेरी धरली तर तीन किलोमीटरसाठी पंधरा फेऱ्या होतात. पंधरा वेळा तीच घसरगुंडी, तोच कारंज्याचा कोरडा हौद. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो. तिसऱ्या आठवड्यात माणूस पाच फेऱ्या मारून बाकावर बसतो आणि मोबाइल काढतो. त्यात आळस नाही, माणसाचं मन असंच आहे. आपण कुठेतरी ‘जातो’ तेव्हा पाय आपोआप पडतात. बाग गावापासून दीड किलोमीटरवर असेल आणि वाट चांगली असेल, तर जाऊन-येऊन तीन किलोमीटर होतात. जरा भरभर चालणाऱ्याला पस्तीस-चाळीस मिनिटं, सत्तरीच्या आजोबांना पाऊण-एक तास. अर्ध्यात सोडून देता येत नाही, कारण घर परतीच्याच वाटेवर असतं!

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात की प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. वर सांगितलेला रस्ता आठवड्यातून पाच दिवस चाललात की ही गरज पूर्ण होते. दहा हजार पावलांचा धाक बाळगू नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातून आला आहे. कुठल्याही संशोधनातून तो निघालेला नाही. अमेरिकेतल्या वयस्कर स्त्रियांवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात रोज साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांमध्येही, २,७०० च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं. म्हणजे थोडं चालणंही वाया जात नाही.

चालण्याचा आणि हृदयाचा संबंध आपल्याला कळला तोसुद्धा मजेशीर पद्धतीने. लंडनमधले डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांची बस एकच, कंपनीही एकच. पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिने चढ-उतर करणारा. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. आपल्या एसटीचे वाहक आता यंत्रावर तिकीट काढतात, बस एकमजली, तरी गर्दीतून मागे-पुढे करतातच. चालक मात्र तिथेच बसून असतात. चालक मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता बागेकडे वळू. शोभेच्या फुलांच्या बागेऐवजी झाडांची ओळख करून देणारी वनस्पती बाग का म्हणतो? कारण ही कल्पनाच मुळात वैद्यकातून आली. इटलीत पादुआ इथे १५४५ मध्ये विद्यापीठाने बाग लावली ती वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी झाडं ओळखता यावीत म्हणून. खरी वनस्पती कुठली आणि तिच्यासारखी दिसणारी विषारी कुठली, हे झाडासमोर उभं राहूनच शिकता येतं. लंडनमध्ये औषधं बनवणाऱ्यांच्या संघाने १६७३ मध्ये चेल्सीला बाग केली, तीही थेम्स नदीच्या काठावर. रोपं आणि माणसं नावेने यायची.

आपल्याकडेही हे घडून गेलंय. पुण्याजवळ दापोडीला, मुळा आणि पवना जिथे मिळतात त्या परिसरात, १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात सरकारी वनस्पती बाग सुरू झाली. तिची देखरेख करणारे अधिकारी पेशाने डॉक्टर होते आणि लष्करी दवाखान्यांना लागणारी औषधी झाडं तिथे वाढवली जात. त्यांच्यातले डॉ. अलेक्झांडर गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. नदी, बाग आणि दवाखाना यांचं नातं असं जुनं आहे. मधल्या काळात दवाखाना काचेच्या इमारतीत गेला, बागेत प्लास्टिकचे हत्ती आले आणि नदीकडे गावाने पाठ फिरवली.

तुम्ही रोज घेता ती मेटफॉर्मिनची गोळी पाहा. तिचं मूळ गलेगा नावाच्या एका युरोपीय वनस्पतीपर्यंत जातं. तिच्यात साखर कमी करणारं द्रव्य सापडलं, पण ते जसंच्या तसं देणं धोक्याचं होतं. त्याच घराण्यातलं सुरक्षित रसायन प्रयोगशाळेत तयार झालं आणि १९५७ मध्ये पॅरिसचे डॉ. जाँ स्टेर्न यांनी ते मधुमेहाच्या रुग्णांना दिल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. झाड ते गोळी हा प्रवास असा लांबचा असतो. म्हणूनच आपल्या बागांमधल्या काही पाट्यांवर मला राग येतो. ‘जांभूळ : मधुमेहावर रामबाण’, ‘अर्जुन : हृदयरोगावर गुणकारी’. पाटी वाचून गोळ्या बंद करणारे आणि बियांची भुकटी सुरू करणारे रुग्ण मी पाहतो. त्यातले काही परत येतात तेव्हा साखर चारशेच्या पुढे असते. जांभूळ खा, उत्तम फळ आहे. अर्जुनाच्या सावलीत बसा, नदीकाठ ही त्याची हक्काची जागा. पण पाटीवर डोस नको, फक्त ओळख हवी.

आणि एक ओळख हवीच हवी. कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, रस्त्याच्या दुभाजकापासून देवळापर्यंत सगळीकडे असते. दोन्हींत हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. बिट्टीच्या बिया पोटात गेल्या तर माणूस दगावू शकतो. चंद्रज्योत किंवा मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि मग एकाच वेळी दहा-बारा मुलं उलट्या करत सरकारी दवाखान्यात येतात. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. बागेत ही झाडं कुंपणाआड लावून लाल पाटीवर ‘विषारी’ असं ठळक लिहिलं, तर शाळेची एक सहल पुरे. नदीकाठी माजणारं गाजर गवत तर ओळखून उपटायलाच हवं. दमा आणि त्वचेच्या ॲलर्जीचे रुग्ण त्याने हैराण होतात. (उपटताना हातमोजे घाला आणि फुलं येण्याआधी उपटा.)

हिरवळीचा मनावर परिणाम होतो का, असंही लोक विचारतात. १९८४ मध्ये रॉजर उल्रिक यांचा एक छोटा पण गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले रुग्ण. काहींच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना वेदनाशामक औषधं कमी लागली आणि ते थोडे लवकर घरी गेले. अभ्यासात जेमतेम ४६ रुग्ण होते, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण खाटेवरून झाडाकडे तोंड करून झोपायला मागणारे आजोबा कुठल्याही वॉर्डात सापडतील.

मग आपल्या जिल्ह्यात हा पट्टा कुठे होऊ शकतो? नद्या कमी नाहीत. पैनगंगा इथल्याच अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि मेहकरला गावाला लागून वाहते. मलकापूरला नळगंगा आहे, नांदुऱ्याला ज्ञानगंगा. खामगावकरांना जनुना तलाव आहे, बुलढाण्यात संगम तलाव. नदी नसेल तिथे तलावाचा काठ चालेल, पाण्याच्या बाजूची हवा आणि झाडं हवीत, बस. शेगावच्या आनंद सागरने दाखवूनच दिलंय की आपल्या कोरड्या वऱ्हाडात पाणी अडवून, झाडं जगवून माणसांना पायी फिरवता येतं. मात्र ती दुरून येणाऱ्यांची जागा. मी बोलतोय ती रोजच्या, फुकटच्या, चपला घालून निघालं की सुरू होणाऱ्या वाटेबद्दल.

जवळचं मोठं उदाहरण नागपूरचं. महाराजबाग कृषी महाविद्यालयाकडे आहे, जुने वृक्ष आहेत, आणि बाजूने नाग नदी जाते. म्हणजे नदीकाठाने चालत बागेत जायचं ही सोय निसर्गाने करूनच ठेवली होती. नागपुरात मुलाकडे गेलात की त्या नदीच्या कडेला उभं राहून पाहा. तिच्या काठाने फिरायला जावं असं कुणाला वाटेल का, ते तुमचं नाकच सांगेल. शहराचं सांडपाणी नदीत सोडायचं आणि मग फिरायला ट्रेडमिल घ्यायचं, हा व्यवहार महागात पडतो. अकोलेकरांनी जानेवारी २०१८ मध्ये हजारोंच्या संख्येने मोर्णा नदीत उतरून जलकुंभी काढली, देशभर कौतुक झालं. कौतुक योग्यच होतं. पण सांडपाणी येत राहिलं की जलकुंभीही येत राहते. म्हणून क्रम लक्षात ठेवा : आधी गटाराचं पाणी अडवणं, मग झाडं, मग वाट. फरशा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे फरशांपासून सुरुवात होते आणि उद्घाटनाच्या कोनशिलेपाशी काम संपतं.

पुराचंही भान हवं. २३ सप्टेंबर २०२३ ला नाग नदीने नागपुरात काय केलं ते सर्वांनी पाहिलं. त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांनी पूर अनुभवला. नदीला तिची जागा सोडूनच वाट आखायची, मातीची-मुरुमाची ठेवायची, पात्रात सिमेंटच्या भिंती घालायच्या नाहीत. मुरुमाची वाट गुडघ्यांनाही काँक्रीटपेक्षा बरी. पूर ओसरल्यावरच्या चिखलात मात्र आठ-दहा दिवस फिरू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नको. लेप्टोस्पायरोसिस अशा पाण्यातून आणि चिखलातून होतो.

आता बाकांबद्दल, कारण माझ्या दृष्टीने वाटेवरची सगळ्यात महत्त्वाची वस्तू तीच. हृदय कमजोर असलेला, दम लागणारा, किंवा ठरावीक अंतर चाललं की पोटऱ्या भरून येणारा रुग्ण बाहेर पडत नाही तो एकाच भीतीने : ‘मधेच बसावं लागलं तर?’ दर शंभर मीटरवर पाठ टेकायचा बाक आणि दगडावर रंगवलेला अंतराचा आकडा, एवढं झालं की तो माणूस घराबाहेर पडतो. आम्ही दवाखान्यात सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो ते मोजतो. त्यावरून हृदय आणि फुप्फुसांची ताकद कळते. नदीकाठच्या आकड्यांनी हीच मोजणी तुम्हाला स्वतः करता येईल. मागच्या महिन्यात चौथ्या बाकापर्यंत न थांबता जात होतो, आता दुसऱ्यालाच दम लागतो, हे वाक्य घेऊन आलात तर माझं अर्धं काम झालेलं असेल. अशा वेळी पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका, लगेच या.

दुसरी वस्तू म्हणजे स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह. यावर कुणी बोलत नाही. फिरायला गेल्यावर सोय नसते म्हणून बायका घरून पाणीच पीत नाहीत, लघवी रोखून धरतात आणि जळजळीची तक्रार घेऊन येतात. वर ‘बायकांना व्यायामाचा कंटाळा’ असं आपण म्हणतो. दिवे, स्वच्छतागृह आणि सकाळ-संध्याकाळ उघडं असणारं फाटक या तीन गोष्टी द्या, मग बोलू. ओपन जिमच्या यंत्रांना माझा विरोध नाही, पण त्या पैशात आधी हे व्हावं.

वाट झाली तरी सर्वांनी लगेच धावत सुटायचं नाही. चालताना छातीत दडपण येतं, जबड्याकडे किंवा डाव्या हातात कळ जाते आणि थांबल्यावर बरं वाटतं, असं होत असेल तर आधी ईसीजी आणि तपासणी. थांबल्यावरही दुखणं राहिलं, घाम फुटला तर १०८ ला फोन करा. ‘गॅस असेल’ म्हणून घरी चालत जाऊ नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असाल तर उपाशीपोटी लांब जाऊ नका, खिशात खडीसाखर ठेवा. थरथर, घाम, एकदम भूक ही साखर उतरल्याची खूण. मधुमेह्यांनी अनवाणी चालायचं नाही, हिरवळीवरसुद्धा नाही. पायाची संवेदना कमी झाली की काटा रुतलेला कळत नाही. चाल किती भरभर हवी? सोबत्याशी बोलता यावं, पण अभंग म्हणता येऊ नये, इतकी.

चालणं आपल्याला काही नवीन नाही. पंढरपूरहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते तेव्हा किती माणसं सोबत चालतात! वर्षभर गल्लीच्या टोकालाही गाडीने जाणारे त्या दिवशी पंधरा-सोळा किलोमीटर चालतात आणि दुसऱ्या दिवशी फोड आलेले पाय दाखवायला येतात. श्रद्धेने एक दिवस चालतो तो देह बाकीचे ३६४ दिवसही चालू शकतो. त्याला महिनाभर आधी सराव हवा, आणि सरावाला जागा हवी.

भारतात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३.६ कोटी लोक आहेत, असं आयसीएमआरच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. या उंबरठ्यावरच्या लोकांना मी गोळीपेक्षा आधी वाट लिहून देईन. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. त्याआधी, दिवाळीनंतरच, तुमच्या वॉर्डातल्या पंधरा-वीस चालणाऱ्यांनी सह्यांचं पत्र द्या. ‘सुशोभीकरण करावे’ असं मोघम लिहू नका. कुठून कुठपर्यंतची वाट, किती बाक, किती दिवे, स्वच्छतागृह कुठे, कडुनिंब-करंज-अर्जुन-जांभळाची किती झाडं, आणि पहिली तीन वर्षं त्यांना पाणी कोण घालणार, हे लिहा. पत्रासोबत डॉक्टरांचं शिफारसपत्र जोडायचं असेल तर दवाखान्यात येऊन मागा, मी देईन.

तोपर्यंत रस्त्यानेच चालावं लागणार. उजव्या कडेने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. उजाडल्याशिवाय निघू नका. हिवाळ्यात हृदयरुग्णांनी ऊन पडू द्यावं, आणि उन्हाळ्यात, विशेषतः घाटाखालच्या शेगाव-नांदुरा-मलकापूर पट्ट्यात, आठच्या आत घरी परतावं. अंगावर पांढरं किंवा पिवळं काहीतरी असू द्या. कानात गाणी नकोत. खिशात एक चिठ्ठी ठेवा : नाव, घरचा फोन नंबर, चालू असलेली औषधं.